चंदीगड की अहमदाबाद? काँक्रीट बघायला निघण्याआधी

चार दिवसांची सुट्टी आहे, एकाच गावाचं तिकीट काढायचंय आणि बघायच्या आहेत त्या इमारती. त्याही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या, काँक्रीटच्या आणि उघड्या विटांच्या. असा बेत असलेल्या माणसापुढे शेवटी दोनच नावं उरतात, चंदीगड आणि अहमदाबाद. चंदीगड आखणारा फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए कोण, पंजाबला नवी राजधानी का लागली, युनेस्कोने २०१६ साली कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला, म्हणजे तिथल्या सरकारी इमारतींच्या आवाराला, जागतिक वारशाच्या यादीत का घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावर पदरात काय पडतं.

खरं तर ही दोन गावं एकमेकांची भावंडंच आहेत. १९५१ साली कॉर्बुझिए चंदीगडच्या कामासाठी भारतात आला आणि त्याच फेरीत अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. सरकारी काम उत्तरेत सुरू झालं आणि बरोबरीने अहमदाबादेत चार लहान कामं उभी राहिली: मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, संस्कार केंद्र हे संग्रहालय, साराभाईंचं घर आणि शोधनांचं घर. लहान म्हणून ती लवकर उरकली. ऊन अडवणारे काँक्रीटचे उभे पडदे, जिन्याऐवजी लांबलचक रॅम्प, चौकोनी सांगाड्याच्या पोटात ठेवलेलं वळणदार सभागृह, ही सगळी मंडळी चंदीगडात भव्य होऊन भेटतात, पण मिल ओनर्समध्ये ती १९५४ सालीच हजर आहेत. चंदीगडच्या विधानसभेवरच्या त्या प्रसिद्ध धुराड्यासारख्या आकाराचं मूळही अहमदाबादेत आहे. तिथल्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर कॉर्बुझिएच्या नजरेत भरले होते.

म्हणजे निवड करायची ती एकाच घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत.

चंदीगडकडे जे आहे ते कुठेच नाही

आधी थोरल्याबद्दल. सेक्टर १ मध्ये सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय अशा तीन इमारती आहेत. राज्यपालांचा प्रासाद बांधलाच गेला नाही. मधल्या प्रचंड फरसबंद पटांगणात सावल्यांचा मनोरा, हुतात्मा स्मारक आणि उघडा हात हे शिल्प आहे.

सचिवालय २५४ मीटर लांब आहे, हे सगळीकडे छापलेलं असतं आणि त्याने काहीच कळत नाही. बघायचं ते दर्शनी जाळीचं व्याकरण. एकसारखे गाळे चालत येतात आणि मंत्र्यांच्या कचेऱ्यांपाशी एकदम दुमजली होतात. आत कोण बसतं ते बाहेरून वाचता येतं. रॅम्पची उंच खोकी इमारतीच्या अंगाबाहेर वेगळी उभी केली आहेत आणि त्यांना बारीक चौकोनी खिडक्या आहेत. हजारो माणसं एकाच वेळी सुटतात तेव्हा लिफ्टपुढे रांग लागते, रॅम्पवर लागत नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब.

उच्च न्यायालयाला दोन छपरं आहेत. वरचं कमानीकमानींचं, छत्रीसारखं. खालचं खरं छप्पर. मधून वारा वाहतो आणि वरच्या छपराने शोषलेली उष्णता खाली पोचायच्या आत निघून जाते. प्रवेशाशी हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन अजस्र खांब आहेत. त्यांच्या एका अंगाला मुख्य न्यायाधीशांचं मोठं न्यायालय आणि दुसऱ्या अंगाला आठ लहान न्यायालयं. हे खांब नीट बघा, कारण छायाचित्रात त्यांचं माप कधीच येत नाही. खाली वकील उभे असले की मगच कळतं.

विधानभवनाबद्दल मात्र मी हातचं राखून बोलणार नाही. दर्शनी भागात पन्हळीसारखं वळलेलं छप्पर आणि त्याला टेकू देणाऱ्या आठ पातळ उभ्या भिंती आहेत, समोर पाणी. फ्रान्सने भेट दिलेला, कॉर्बुझिएने स्वतः रंगवलेला मीनाकारीचा दरवाजा आहे, तो खास प्रसंगी उघडण्यासाठी. आत शिरलात की उंच, अंधारं, खांबाखांबांचं सभामंडप लागतं. त्या मंडपात काँक्रीटच्या उलट्या फुलदाणीसारखं पंजाब विधानसभेचं सभागृह ठेवलंय. शेजारी पिरॅमिडखालचं लहान सभागृह मूळ वरिष्ठ सभागृहासाठी होतं, आता तिथे हरियाणाची विधानसभा भरते. फुलदाणीचं कवच सरासरी १५ सेंटिमीटर जाडीचं आहे. असल्या गोल कवचात आवाज घुमतो, एका कोपऱ्यातलं बोलणं भलतीकडे ऐकू येतं. म्हणून आतल्या भिंतीवर आवाज शोषणारे वेड्यावाकड्या आकाराचे रंगीत तुकडे डकवले आहेत. लोकांना ते सजावट वाटतात, मुळात ती दुरुस्ती आहे.

हा मंडप भारतातल्या आधुनिक वास्तुकलेतलं सगळ्यात थोर अंतरंग आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. अहमदाबादेत त्याच्या तोडीचं काही नाही.

पण घड्याळ तुमच्या हातात नसतं

कॅपिटॉल कॉम्प्लेक्स मोकळेपणाने हिंडता येत नाही. पर्यटन केंद्रापाशी ओळखपत्र दाखवायचं, नाव लिहायचं आणि मार्गदर्शकाबरोबर गटाने जायचं. साधारण सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन अशा फेऱ्या असतात, एक फेरी सुमारे दीड तासाची. पैसे पडत नाहीत. अधिवेशन चालू असेल तर विधानभवन आतून दिसत नाही. आत छायाचित्रं घेता येत नाहीत. वेळा अधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी विचारून ठेवणं बरं.

यात कोणाची चूक काढण्यासारखं काही नाही. दोन राज्यांच्या विधानसभा, दोन सचिवालयं आणि एक उच्च न्यायालय एकाच आवारात आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबचे मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची याच सचिवालयाच्या दाराशी स्फोटात हत्या झाली. त्यानंतर पहारा सैल राहील अशी अपेक्षा करणंच चूक. मार्गदर्शकही बहुधा जाणते आणि अगत्याने सांगणारे असतात.

अडचण इमारतींच्या बाजूने आहे. हे काँक्रीट सावलीवर चालतं. सूर्य सरकतो तशी दर्शनी जाळी कधी सपाट तर कधी खोल होते, आणि ते दिसायला एका जागी बसून राहावं लागतं. गटात बसून राहता येत नाही. त्यातून दिशांचा पेच आहे. विधानभवनाचं तोंड आग्नेयेकडे, म्हणजे त्यावर सकाळचं ऊन. उच्च न्यायालय त्याच्या समोर, म्हणून त्याचं तोंड वायव्येकडे, आणि त्याच्यावर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. दहाच्या फेरीत न्यायालय स्वतःच्याच सावलीत निपचित पडलेलं असतं, तीनच्या फेरीत विधानभवन. एका फेरीत दोन्ही इमारती चांगल्या उजेडात मिळत नाहीत. बाराची फेरी त्याहून वाईट, फरशीची तिरीप डोळ्यांत जाते.

त्याहून बोचणारी गोष्ट मंडपातली आहे. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून त्या अंधारात आलं की डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं जातात. वरचं काळं छत, त्याच्या कडेने झिरपणारा उजेड, खांबांचे माथे, हे सगळं त्यानंतर हळूहळू उमटू लागतं. ते उमटायला लागेस्तोवर गट पुढे निघालेला असतो. ज्या खोलीसाठी एवढा प्रवास केला तिथे डोळे उघडतात आणि निघायची वेळ होते. माझ्या लेखी निवड इथेच ठरली. ज्याला याचं फारसं वाटत नाही, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल आणि सरळ चंदीगडला जावं.

पटांगणही गमावलंय, तेवढंच सांगतो. विधानभवन ते न्यायालय हे पाच-सात मिनिटांचं चालणं या रचनेचा कणा होता. इमारती एकमेकींसमोर हळूहळू मोठ्या होत जाव्यात, मागे शिवालिकच्या टेकड्या दिसाव्यात. आता मध्ये कुंपणं आणि अडथळे आहेत, तुकड्यातुकड्यांनी चालावं लागतं. सावल्यांच्या मनोऱ्यापाशी तरी जरा रेंगाळून घ्या. तो बाकी सगळ्या रचनेच्या रेषेत नाही. मुद्दाम अचूक उत्तर-दक्षिण बसवलाय आणि उत्तरेची बाजू मोकळी सोडलीय, कारण तिकडून ऊन येतच नाही. उरलेल्या तीन बाजूंच्या फळ्या कशा बेतल्यात ते बघितलं की या माणसाच्या बाकी सगळ्या जाळ्या उलगडतात. उघडा हात २६ मीटर उंच, पत्र्याचा, वाऱ्याबरोबर फिरणारा. कॉर्बुझिए गेल्यावर वीस वर्षांनी, १९८५ साली उभा राहिला. छायाचित्रात जास्त चांगला दिसतो.

सेक्टर १ च्या बाहेरचं चंदीगड लोक फार घाईत उरकतात, ते मात्र चुकवू नका. सेक्टर १० मधलं सरकारी संग्रहालय आणि त्याचा छपरातून येणारा उजेड, पंजाब विद्यापीठातलं पाण्यात ठेवलेलं पिएर जान्नरेचं गांधी भवन, सेक्टर ५ मधलं जान्नरेचं राहतं घर. शहर रोजच्या रोज उभं केलं ते कॉर्बुझिएच्या या चुलतभावाने, आणि त्याच्या इमारती माणसाच्या मापाच्या आहेत. सोमवारी संग्रहालयं बंद असतात.

आणि रॉक गार्डन. कॅपिटॉलपासून हाकेच्या अंतरावर, सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नेक चंद या रोड इन्स्पेक्टरने पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जंगलाच्या पट्ट्यात चोरून सुरू केलेलं आणि १९७६ साली लोकांसाठी उघडलेलं. फुटक्या बांगड्या, विजेच्या सामानाची चिनी माती, डांबराची पिंपं. लहान मुलांची जागा म्हणून आर्किटेक्ट मंडळी तिथे जायला लाजतात. जाऊ नये असं काही नाही. भिंतींवर गोणपाटाचे आणि पिंपांचे ठसे दिसतील. शेजारी कॉर्बुझिएच्या भिंतींवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत. ओल्या काँक्रीटला जे टेकवाल त्याची खूण ते धरून ठेवतं, एवढ्या एका गोष्टीवर दोघांनी दोन टोकांची गावं वसवली.

अहमदाबाद विखुरलेलं आहे

अहमदाबादचे त्रास आधी मोजतो, म्हणजे पारडं मुद्दाम झुकवल्याचा आळ नको. इथे एका ठिकाणी काहीच नाही. दोन कामं आश्रम रोडच्या आसपास, एक आश्रमात, दोन विद्यापीठाच्या बाजूला, एक थलतेजच्या रस्त्यावर. दिवसाचा चांगला दीड-दोन तास रिक्षात जातो. साराभाई आणि शोधन ही दोन्ही घरं खासगी आहेत, ती यादीतून काढून टाका आणि कुंपणाबाहेर घुटमळू नका. पालडीचं संस्कार केंद्र अनेक वर्षं दुरवस्थेत आहे, बाहेरून बघायचं. ते चौकोनी विटांचं खोकं खांबांवर उचललेलं आहे. शेजारीच अहमदाबादचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांचं टागोर हॉल, घडीच्या कागदासारख्या दुमडलेल्या काँक्रीटच्या भिंतींचं. सपाट पत्रा वाकतो आणि दुमडलेला वाकत नाही, तसं पातळ काँक्रीट दुमडून मोठा गाळा तोललाय. दोन्ही मिळून अर्धा तास पुरे.

मिल ओनर्सला मात्र अर्धा दिवस द्या. आता तिला आत्मा हाऊस म्हणतात. कचेरीच्या वेळेत, कामाच्या दिवशी, दारावर विचारून आणि वहीत नाव लिहून सहसा आत जाता येतं. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका.

रस्त्याकडची बाजू पश्चिमेची. तिथले काँक्रीटचे पडदे तिरके लावलेत, मावळतीचं ऊन आणि रस्त्यावरची नजर दोन्ही अडावीत म्हणून. नदीकडची बाजू पूर्वेची. तिथले पडदे सरळ आहेत, वारा आत यावा आणि नदी दिसावी म्हणून. उरलेल्या दोन बाजू जवळजवळ बंद, साध्या विटांच्या. बाजू बदलली की उत्तर बदलतं आणि त्यात पाठ करण्यासारखं काही नाही, हातावर ऊन घेतलं की कळतं. साडेतीनच्या सुमाराला पहिल्या मजल्यावर पश्चिमेच्या पडद्याशी उभं राहा. बाहेर आश्रम रोड भाजत असतो आणि आत उन्हाची पट्टी पडद्याच्या जाडीतच मरते. मग पूर्वेला जा. मधली जागा मोकळी सोडलीय, तिथे कचेरी घातलेली नाही, म्हणून वारा आरपार जातो.

याच्या उणिवाही तिथेच दिसतात. काँक्रीटचे पडदे दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती धग परत देतात, म्हणून सहानंतर आत उकडतं. पडद्यांच्या खाचा कबुतरांना फारच सोयीच्या. कॉर्बुझिएच्या पुस्तकांत कबुतरं नसतात.

वरच्या मजल्यावरचं सभागृह बघा. चौकोनात ठेवलेला वळणदार आकार, वाकवलेल्या भिंती, आतून लाकडाचं अस्तर, छपराशी झिरपता उजेड. चंदीगडच्या मंडपात जे दोन-तीन मिनिटांत आवरावं लागतं त्याची ही लहान आवृत्ती, आणि इथे कोणी घाई करत नाही. माप दहा पटींनी लहान आहे हे कबूल. पण विचार तोच आहे आणि तो वाचायला वेळ मिळतो.

आयआयएमसाठी आधी ईमेल करून परवानगी घ्यावी लागते, निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा. ती बांधणारा अमेरिकन वास्तुकार लुई कान इथे आला तो दोशींच्या आग्रहाने, १९६२ साली. कॉर्बुझिए उन्हापुढे पडदा धरतो. कान भिंतीमागे भिंत बांधतो. बाहेरच्या भिंतीला मोठाली गोल भोकं, आत खोल पडवी, आणि खरी खोली तिच्याही आत. विटांच्या सपाट कमानी निरखून बघा. कमान जेवढी सपाट तेवढी ती दोन्ही बाजूंना जास्त रेटा देते. तो रेटा धरायला कानने कमानीच्या पायाशी काँक्रीटची आडवी पट्टी घातली आणि ती लपवली नाही. धनुष्याला प्रत्यंचा असावी तशी ती सगळीकडे दिसते.

बिघाडही समजून घ्या, कारण तो सध्याच्या वादाच्या मुळाशी आहे. वीटकामात भूकंपासाठी म्हणून लोखंडी सळ्या घातल्या होत्या. पावसाचं पाणी मुरलं की सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वीट आतून फुटते. त्यात विटांचा दर्जा सगळीकडे सारखा नव्हता, २००१ च्या भूकंपाने भर घातली. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरवलं, जगभरातून ओरड झाल्यावर माघार घेतली आणि २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा काढला. विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मात्र इतकी नीट झाली की तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. आधी ग्रंथालय बघा, मग वसतिगृहांच्या विटा. एकाच आवारात, एकाच वयाच्या दोन भिंती शेजारी ठेवून बघता येतात, अशी जागा दुसरी सुचत नाही.

फुकट आणि निवांत

साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय वास्तुकार चार्ल्स कोरियांनी हाती घेतलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. १९६३ साली नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. पुण्यात आयुका किंवा मुंबईत कांचनजंगा बघून ज्यांना कोरिया आवडतात, त्यांनी इथून सुरुवात करायला हवी होती. सहा बाय सहा मीटरचा एक गाळा. विटांचे खांब, वर कौलं, खाली दगडी फरशी. खिडकीला काच नाहीच, लाकडी पट्ट्यांच्या झडपा. असे ५१ गाळे, काही बंद, काही उघडे, मध्ये एक पाण्याचा चौक. काँक्रीटची तुळई पन्हळीच्या आकाराची आहे. तीच छपराचा भार घेते आणि तीच दोन छपरांमधलं पावसाचं पाणी वाहून नेते. वेगळी पन्हळ लावावी लागली नाही. पुढेमागे जागा कमी पडली तर आणखी गाळे जोडता यावेत अशीच मांडणी. इथे तासभर ओट्यावर बसा, कोणी उठवत नाही. सगळ्या दौऱ्यात मला सगळ्यात जास्त काही कळलं असेल तर इथे, आणि इमारतीचं नाटक म्हणाल तर शून्य. परिसराच्या पुनर्विकासाची कामं चालू असल्याने आत शिरायची वाट बदललेली असू शकते.

दोशी मूळचे पुण्याचे, जन्म १९२७, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, मग पॅरिसला कॉर्बुझिएच्या हाताखाली, आणि तिथून त्याच्याच कामांवर देखरेख करायला अहमदाबाद. गुरूच्या इमारतींपासून निघून ते कुठे पोचले हे एकाच गावात बघायला मिळतं आणि चंदीगडला ही सोय नाही. सेप्ट विद्यापीठातली १९६८ ची वास्तुकला शाळा अजून गुरूच्या सावलीत आहे: विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा उजेड, खाली मोकळी जागा. १९८१ च्या संगथमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कचेरीत, भाषा बदललेली आहे. निम्मी इमारत जमिनीत, वर लांब अर्धगोल छपरं. काँक्रीटच्या दोन थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या घातल्यात, म्हणजे मधली हवा उष्णता अडवते आणि वजनही कमी होतं. वरून चायना मोझेक, आपल्याकडे गच्चीवर घालतात तोच, फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा. अखंड लादी गोलाईवर बसत नाही, तुकडा बसतो. पांढरा रंग ऊन परतवतो. पाऊस पडला की पाणी त्या पाठींवरून पन्हळीत, पन्हळीतून तळ्यात. संगथला वेळ आधी ठरवून जावं लागतं.

दोशींचं गुफा हे कलादालन ही त्याच वाटेवरची शेवटची पायरी, १९९५ च्या सुमाराची, चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी. जाळीवर सिमेंटचा थर दिलेलं जेमतेम इंचभर जाडीचं कवच. पाया खणलेला नाही, कवचाचा तळ तसाच जमिनीवर टेकलाय. आकार अखंड वळत गेल्यामुळे भार कुठे एका जागी साचत नाही, म्हणून एवढी पातळ जाडी पुरते. आत झाडाच्या बुंध्यांसारखे तिरपे खांब, वर उजेडाची सोंडेसारखी भोकं. ही भोकं महत्त्वाची, आणि वेळेची मेख इथे आहे. गुफा साधारण दुपारी चारला उघडते, सोमवारी बंद. थंडीत सहाच्या आसपास सूर्य गेला की उजेडाचे ठिपके संपतात आणि उरतात ते दिवे. म्हणून चारच्या ठोक्याला दारात हवं, सातला जाऊन उपयोग नाही.

कोणी कुठे जावं

घरच्या मंडळींना घेऊन जाणार असाल आणि त्यांना इमारतींचं वेड नसेल, तर चंदीगड सोपं. रुंद पदपथ, सुखना तलाव, रॉक गार्डन, कोणी कंटाळत नाही. आयुष्यात एकच थोर खोली बघायची असेल तरी चंदीगडच. नकाशे काढणारा, बांधणारा किंवा नुसता चिकित्सक डोक्याचा माणूस एकटा किंवा दुकटा निघाला असेल, तर त्याने अहमदाबादचा विचार आधी करावा असं मला वाटतं. तिथल्या इमारती लहान आहेत, काही खंगल्या आहेत, पण त्या हाताला लागतात आणि त्यांच्याजवळ बसता येतं.

हंगामाचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत चंदीगडला धुकं असतं. विमानं खोळंबतात हा एक भाग, पण धुक्यात सावलीच पडत नाही आणि सावलीशिवाय कॅपिटॉल म्हणजे करडा ठोकळा. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च. अहमदाबाद नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही, फक्त १४ जानेवारीची उत्तरायण टाळा, गाव पतंगांत असतं. मुंबईहून अहमदाबाद एका रात्रीच्या गाडीचं. चंदीगड रेल्वेने रात्रीत होत नाही, विमानच धरावं लागतं, आणि चार दिवसांत तो फरक जाणवतो.

अहमदाबादला बुधवारी रात्री निघा. गुरुवारी सकाळी आश्रम, दुपारी तीनच्या आत मिल ओनर्सला पोचा. शुक्रवारी सकाळी आयआयएम, दुपारी संगथ किंवा सेप्ट, चारला गुफा. शनिवारी पालडी, आणि उरलेला वेळ सरखेज रोझाला (जुन्या मशीद-कबरींच्या आवाराला) किंवा अडालजच्या वावेला (पायऱ्यांच्या विहिरीला), जी १४९९ ची आहे आणि उन्हाचा प्रश्न पाच मजले खाली उतरून सोडवते. रविवार मोकळा ठेवा, एखादी परवानगी हुकली तर कामाला येत नाही, पण पाय दुखत असतात.

आणि चंदीगडचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर रद्द करू नका. दोन वेगवेगळ्या दिवशी नाव नोंदवा, एका दिवशी दहाची फेरी, दुसऱ्या दिवशी तीनची, आणि विधानभवनात शिरण्याआधी पोर्चच्या सावलीत मिनिटभर डोळे मिटून उभे राहा.